पोतचित्रातील देवनागरी अक्षरांच्या कडा : ‘धामणगाव बढे’ या पाटीचे उदाहरण

संगणकीय खेळांतील वाहने व वास्तू यांवर मूळ निर्मात्याने दिलेल्या चित्रांऐवजी स्वतः रंगविलेली चित्रे चढविण्याचा छंद महाराष्ट्रातील तरुणांत चांगलाच रुजला आहे. मालेओ या इंडोनेशियन संस्थेचा ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा खेळ २०१७ साली निघाला. त्यात खेळणाऱ्यास बसचे बाह्यांग स्वतः रंगविता येते, आणि मराठी खेळाडूंनी राज्य परिवहनाची तांबडी गाडी त्यात केव्हाच आणून सोडली आहे. गाडी आली की पाटी आली. पाटीबरोबर देवनागरी अक्षर आले, आणि अक्षराबरोबर त्याच्या दातेरी कडांचा प्रश्न आला.

हा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील ‘धामणगाव बढे’ हे नाव घ्यावे. अमरावती जिल्ह्यात लोहमार्गावर ‘धामणगाव रेल्वे’ आहे. म्हणजे येथे दुसरे पद हेच गावाची ओळख पटविणारे पद होय. ‘ढ’ व ‘ट’ यांतील दृश्य भेद मुख्यतः आत वळलेल्या एका गाठीचा आहे. ती पुसट झाली की ‘बढे’चे ‘बटे’ होते. ‘ध’ आणि ‘घ’ यांतील भेद त्याहूनही नाजूक : डाव्या शेंड्याशी शिरोरेषेत असलेला खंड. तो बुजला की गावाच्या नावात घाम शिरतो! जुन्या छापखान्यांत शाईने अक्षराचे पोट भरले की असाच घोटाळा होत असे. येथे शाईची जागा नमुनाग्रहणाने घेतली आहे, इतकेच.

पोतचित्र हे चौकोनी बिंदूंचे कोष्टक असते. पडद्यावरील प्रत्येक बिंदूसाठी त्या कोष्टकातून एक नमुना उचलला जातो. गाडी दूर गेली की पडद्याच्या एका बिंदूत पोताचे अनेक बिंदू दाटतात. त्यांतील एकच उचलला तर कोणता हाती लागेल हा योगायोग ठरतो, आणि गाडी हलताच कडा लुकलुकू लागतात. लान्स विल्यम्स यांनी १९८३ साली सुचविलेला उपाय आजही प्रमाण मानला जातो : मूळ चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश अशा सरासरी काढलेल्या प्रती आधीच तयार ठेवावयाच्या. स्मृतीचा खर्च त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने वाढतो.

तथापि सरासरी ही देवनागरीच्या बारकाव्यांची मित्र नव्हे. पाटी २५६ बिंदू रुंद धरली, आणि सात अक्षरे व एक रिकामी जागा यांत ती वाटली, तर प्रत्येकी सरासरी ३२ बिंदू येतात. ‘ध’च्या खंडास त्याचा अष्टमांश, म्हणजे ४ बिंदू मिळाले असे समजू. पाव आकाराच्या प्रतीत अक्षर ८ बिंदूंचे व खंड एका बिंदूचा उरतो. तोही बिंदूंच्या सीमेवर नेमका न बसल्यास दोन करड्या बिंदूंत विभागला जातो. याहून लहान प्रतीत अक्षर मुळीच वाचता येत नाही, म्हणून फसवणूकही होत नाही. खरा धोका या मधल्या पायरीवर आहे. येथे अक्षर वाचता येते, पण चुकीचे. यावर मार्ग असा की पाटीसाठी ‘ध’चा खंड व ‘ढ’ची गाठ नेहमीपेक्षा मोकळी काढावी. शिरोरेषा ४ बिंदू जाडीची ठेवून तिची वरची कड चारच्या पटीतील ओळीवर बसवावी. म्हणजे पाव आकारातही ती बरोबर एक ओळ व्यापते, मळकट होत नाही. मूळ रेखाटन चौपट आकारात करून मग सरासरीने लहान करणे हे तर ओघानेच आले.

पारदर्शकतेचा भाग निराळा. पाटीची अक्षरे स्वतंत्र पारदर्शक थरावर कापून ठेवण्याची पद्धत अनेक जण अवलंबितात. ‘डीएक्सटी १’ या संकोचन-प्रकारात पारदर्शकतेस एकच द्विमान अंक मिळतो. बिंदू एकतर आहे किंवा नाही, आणि कडेवर पायऱ्या अटळ होतात. ‘डीएक्सटी ५’मध्ये मधल्या छटा मिळतात. पण तेथेही अदृश्य बिंदूंत दडलेला रंग सरासरीत मिसळून अक्षराभोवती पांढरी किंवा काळी किनार उमटते. तो रंग अक्षराच्याच रंगाने भरून ठेवावा लागतो. वास्तविक पाटी ही आयताकृती व अपारदर्शक वस्तू आहे. तीवर पारदर्शकतेचा खटाटोप करण्याचे कारणच नाही. पार्श्वभूमीसह अक्षरे एकाच चित्रात रंगविली की ही अर्धी अडचण उद्भवतच नाही.

खेळाच्या मांडणीत ‘अँटी-एलियसिंग’ वाढवूनही अक्षरे सुधारत नाहीत, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. त्याचे कारण असे की त्यातील बहुनमुना-पद्धत बहुभुजांच्या कडा मऊ करते. पोताच्या आत रंगविलेल्या रेषेशी तिचा संबंध नाही. तिरप्या कोनातून दिसणाऱ्या शिरोरेषेसाठी उपयोगी पडते ते दिशासापेक्ष गाळण. कारण अशा वेळी चित्र एका दिशेने अधिक आक्रसलेले असते, आणि साधी पद्धत दोन्ही दिशांनी सारखेच धूसर करून टाकते.

राहता राहिले संकोचन. ‘डीएक्सटी १’ चित्राचे ४ × ४ बिंदूंचे ठोकळे पाडते आणि प्रत्येक ठोकळ्यास दोन मूळ रंग व त्यांमधील दोन छटा एवढेच देते. पांढऱ्यावर काळे अक्षर त्यात निभावते. परंतु तांबडे अंग, पिवळी चौकट व काळी रेषा एकाच ठोकळ्यात आली की रंग फुटतो आणि कडेस चौकोनी डाग पडतात. अक्षर चौकटीपासून किमान चार बिंदू दूर ठेवले म्हणजे दोहोंचे ठोकळे एक होत नाहीत. वेलांटी व मात्रा वरच्या चौकटीस भिडू नयेत याची काळजी ‘ढे’सारख्या अक्षरात विशेष घ्यावी लागते.