बाळाच्या रक्तातलं बटण



पोंभुर्णा तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये फिरताना एक वाक्य मला नेहमी ऐकू येतं. "ताई, लेकरू जन्मलं तेव्हा गुटगुटीत होतं. सात-आठ महिन्यांचं झालं आन् हातापायाचे पंजे सुजले, रडणं थांबेना. कोणाची तरी नजर लागली." मग अंगारा येतो, गंडा येतो. भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे, त्या घरातही येतो.

या आजीबाईंना मी हसत नाही. त्यांनी जे पाहिलं ते बरोबर आहे. सिकलसेलचं बाळ पहिले काही महिने खरोखरच चांगलं असतं. चुकतं ते कारण. आणि कारणाशिवाय काही घडत नाही, हे तर आपल्याला तथागतांनीच शिकवलं आहे. म्हणून आज ते कारण समजून घेऊ.

गर्भ पाच-सहा दिवसांचा असतो तेव्हा तो पेशींचा एक लहानसा गोळा असतो. त्याच्या आतल्या पेशींना गर्भीय मूलपेशी म्हणतात. त्यांच्यापासून शरीराची कोणतीही पेशी होऊ शकते. हाड, कातडी, मेंदू, रक्त, सगळं. पुढे हाडाच्या आणि मेंदूच्या पेशी वेगळ्या दिसतात, पण बहुतेक सगळ्या पेशींमध्ये जनुकं तीच असतात. फरक एवढाच की कोणतं जनुक चालू आणि कोणतं बंद. हे बटण दाबणारी जनुकंही असतात. त्यांना नियंत्रक जनुकं म्हणू. गर्भीय मूलपेशीत ऑक्ट-4, सॉक्स-2 आणि नॅनॉग हे तीन मुख्य नियंत्रक. ते कामावर असतात तोवर पेशी कोऱ्या पाटीसारखी राहते. ते बाजूला झाले की दुसरे नियंत्रक ताबा घेतात आणि पेशी आपली वाट धरते.

ही वाट एकतर्फी आहे असं खूप वर्षं मानलं जायचं. 2006 मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या कातडीच्या पेशीत चार नियंत्रक घातले. त्यात ऑक्ट-4 आणि सॉक्स-2 होते. ती पेशी पुन्हा गर्भातल्या मूलपेशीसारखी कोरी झाली. 2012 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. यातून आपल्या कामाची गोष्ट अशी की बंद झालेलं जनुक नाहीसं होत नाही. ते तिथंच असतं.

आता आपल्या लेकराच्या रक्ताकडे येऊ. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि मोठ्या माणसाचं वेगळं. दोन्हींची जनुकं वेगवेगळी. सिकलसेलची चूक मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनच्या जनुकात असते, आणि ती फक्त एका अक्षराची. तेवढ्यानं रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नळ्यांत अडकते आणि जीवघेणी कळ येते. बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये ही चूक नसते. जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत बाळाचं हिमोग्लोबिन बंद होत जातं, मोठ्यांचं चालू होतं, आणि तेव्हा आजार दिसू लागतो. नजर लागत नाही, बटण बदलतं.

न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी 1948 मध्येच सांगितलं होतं की तान्ह्या बाळाला त्याचं हिमोग्लोबिन सांभाळत असावं. ते बटण बंद करणारा नियंत्रक 2008 मध्ये बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटानं दाखवून दिला. त्याचं नाव बीसीएल-11-ए. त्याला अडवलं की बाळाचं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. याच्यावरच कॅसजेव्ही हा उपचार उभा आहे. रुग्णाच्याच रक्ताच्या मूलपेशी काढायच्या, त्यांतला हा नियंत्रक ढिला करायचा आणि पेशी परत द्यायच्या. 2023 च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेनं त्याला मंजुरी दिली. तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या दरानं आपले सुमारे 18 कोटी रुपये. आपल्या देशातही अशा उपचारावर संशोधन सुरू आहे. ते गरिबाच्या दारापर्यंत आलं पाहिजे, ही मागणी आपणच लावून धरायची आहे.

पण तोवर हात बांधून बसायचं का? नाही. हायड्रॉक्सीयुरियाची साधी गोळी शरीरात बाळाचं हिमोग्लोबिन वाढवते. कळा कमी येतात, रक्त चढवण्याची वेळ कमी येते. "ही कॅन्सरची गोळी आहे," म्हणून कितीतरी घरांत ती कपाटात पडून राहते. ती कॅन्सरमध्येही वापरतात हे खरं, पण सिकलसेलमध्ये ती डॉक्टर विचार करूनच देतात. मात्र ठरलेल्या तारखेला रक्त तपासायचंच, आणि मूल हवं असेल तर नवरा असो की बायको, आधी डॉक्टरांना सांगायचं.

एक सावधगिरी. मागे एका घरात मला एक रंगीत पत्रक दाखवलं. 'स्टेम सेलनं सगळे आजार बरे', आणि खाली लाखांचा आकडा. बाप शेत विकायला निघाला होता. लक्षात ठेवा, 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्या देशात रक्ताच्या मूलपेशींचं प्रत्यारोपण, म्हणजे बोन मॅरो बदलणं, हाच मूलपेशींचा मान्य उपचार होता, आणि तोही ठराविक आजारांसाठी. सख्ख्या भावंडाचा मॅरो जुळण्याची शक्यता चारात एक असते. बाकी कोणी पैसे मागितले तर सही करण्याआधी सरकारी डॉक्टरांना कागद दाखवा.

आपल्या समाजातला सिकलसेल काही नवा नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख 1958 मध्येच लॅन्सेटमध्ये छापून आला होता. पण ही आपल्या रक्ताची खोट नव्हे. एएस असलेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून काही संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकलं. गोंड, माडिया, बौद्ध, कुणबी, तेली, ते कोणाची जात विचारत नाही.

म्हणून घरातल्या प्रत्येकाची तपासणी करा. आधी सोल्युबिलिटी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजार. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता चारात एक. लग्नाच्या बोलणीत पत्रिका आपण केव्हाच सोडली, आता रक्ताचा कागद मागायला लाजू नका. दोघं एएस निघाले तर मुलीला नावं ठेवू नका, तो कागद मुलाच्याही नावावर आहे. लग्न आधीच झालं असेल तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगा, पोटातल्या बाळाचीही तपासणी होऊ शकते.

आणि एसएस लेकराला रोवणीच्या गार पाण्यात तासन् तास उभं करू नका, तेंदूपत्त्याच्या उन्हात पाण्यावाचून ठेवू नका. ताप आला तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "नजर लागली," तर त्यांना हे बटण समजावून सांगा, आणि लेकराला घेऊन दवाखान्यात चला.

जय भीम!