तोंड वाकडे होण्यामागील एक दुर्लक्षित कारण

पैनगंगेच्या दक्षिणेस पसरलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी भाषिकांची वस्ती जुनी आहे. एखाद्याचे तोंड एकाएकी वाकडे झाले, की ‘वारे गेले’ असे म्हणून तेल चोळण्यात पुष्कळदा मोलाचे दिवस वाया जातात. यामागे अनेक कारणे असू शकतात. रक्तवाहिन्यांचा दाह हे त्यांपैकी एक विरळ, परंतु गंभीर कारण होय.

मेंदूपासून मस्तिष्क तंत्रिकांच्या 12 जोड्या निघतात. दुसरी दृष्टीची, सातवी चेहऱ्याच्या हालचालींची, तर आठवी श्रवणाची व तोलाची तंत्रिका होय. पाट बुजला म्हणजे पीक सुकते, त्याचप्रमाणे सूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद झाल्या म्हणजे तंत्रिका निकामी होऊ लागते. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटली, की असे घडते. काही वेळा नाक-कानातील दाहाची गाठ तंत्रिकेवर दाब आणते.

जर्मन वैद्यक फ्रीडरिक वेगेनर यांनी 1936 मध्ये वर्णिलेला विकार याच जातीचा आहे. त्यात नाकातून रक्त व खपल्या येतात, औषधोपचारानेही कान वाहणे थांबत नाही, ऐकू कमी येते. पुढे तोंड वाकडे होणे वा एकाच्या दोन वस्तू दिसणे ही लक्षणे उद्भवू शकतात. फुफ्फुसे व मूत्रपिंडेही बाधित होतात. या विकाराचे क्षयरोगाशी साम्य असल्याने दोन्हींची तपासणी आवश्यक ठरते. कुष्ठरोगातही चेहऱ्याची तंत्रिका दुबळी होते, हेही ध्यानी ठेवावे.

पन्नाशीनंतर नव्याने कानशिलाचे दुखणे, चावताना जबडा दुखणे आणि अंधूक दिसणे ही लक्षणे एकत्र आढळल्यास एक दिवसही दवडू नये. या दाहात गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. तोंड वाकडे होण्याबरोबर हात लुळा पडला वा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून तत्काळ रुग्णालय गाठावे.

रक्त व लघवीची तपासणी, छायाचित्रण आणि आवश्यक तर ऊतीचा तुकडा तपासून निदान होते. उपचारांअभावी वेगेनर यांनी वर्णिलेल्या विकाराचे बहुतेक रुग्ण पूर्वी वर्षभरात दगावत. स्टेरॉइड, सायक्लोफॉस्फमाइड व रिटुक्सिमॅब या औषधांनी आज बहुतेकांचा रोग आटोक्यात येतो. मात्र बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे धोक्याचे असते.

आदिलाबाद येथे 2008 पासून राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था कार्यरत आहे. विशेष उपचारांसाठी हैदराबादच्या निझाम वैद्यकीय विज्ञान संस्थेत संधिवात विभाग आहे. शिक्षक, आशा कार्यकर्त्या व ग्रामपंचायत कर्मचारी यांनी अशा रुग्णास वेळीच दवाखान्याची वाट दाखविल्यास एखाद्याची दृष्टी, क्वचित प्राणही, वाचू शकतील.