हाडाची पांढरी रेघ

झोक्यावरून पडताना मूल हात टेकतं आणि मनगटाच्या जरा वर हाड मोडतं. बसवल्यावर ते नीट बसलं का, हे सोनोग्राफीत दिसतं. सोनोग्राफी आवाजानं बघते, पण तो आवाज तर हाडातून आरपार जातच नाही! गंमत तिथंच आहे. सेकंदाला 20 हजार कंपनांच्या पलीकडचा, आपल्याला ऐकू न येणारा हा आवाज हाडावर आपटून विहिरीतल्या हाकेसारखा परततो. पडद्यावर हाडाची कड ठळक पांढरी रेघ होऊन उमटते; तिच्यामागे नुसता काळोख. मोडलेल्या जागी रेघेला पायरी पडते. भूल देऊन डॉक्टर हात ओढतात, हाड बसवतात, जेल लावून पुन्हा बघतात. पायरी उरलीच, तर प्लास्टरआधीच परत ओढता येतं, तेही क्ष-किरणांशिवाय. बघायचं मात्र वरून आणि कडेनंही. एकीकडून सरळ दिसणारी रेघ दुसरीकडून वाकडी निघू शकते.