‘परत येणे’ आणि ‘परत जाणे’ : बेने इस्राएलांच्या कोकणभेटीची भाषा

इस्राएलमधील दिमोना, अश्दोद किंवा लोद येथून एखादे बेने इस्राएल कुटुंब अलिबागच्या परिसरात येते, तेव्हा त्या येण्याला कोणते क्रियापद लावावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो. परंतु या समाजाच्या बाबतीत ‘परत’ हे क्रियाविशेषण दोन विरुद्ध दिशांना ओढले गेले आहे. इस्राएलात जाऊन स्थायिक होण्यास हिब्रूत ‘अलिया’ म्हणतात; तिचा मूळ अर्थ वर चढणे. तो देश सोडणे म्हणजे ‘येरिदा’, उतरणे. १९५० साली तेथे संमत झालेल्या कायद्याचे नावच ‘परतण्याचा कायदा’ असे आहे. म्हणजे ज्याने ती भूमी कधी पाहिली नव्हती तो तेथे ‘परतला’, आणि जेथे त्याच्या पूर्वजांनी शतकानुशतके तेलाचे घाणे चालविले तेथे तो पाहुणा झाला.

मराठीने मात्र हा निवाडा मान्य केलेला दिसत नाही. पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर ही आडनावे पाहावीत. ‘कर’ हा प्रत्यय ग्रामनामाला लागून व्यक्तीचा मूळ ठाव सांगतो. गावात घर उरले नाही तरी तो गळून पडत नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कोकणाने ‘शनिवार तेली’ म्हटले, त्यांचे वंशज आज हिब्रू लिपीत आपल्या गावाचे नाव लिहितात.

या दोन दिशांमधील ताण केवळ शब्दांचा नव्हता. १९४८ नंतर गेलेल्यांपैकी काहींनी तेथील वागणुकीस कंटाळून भारतात परत पाठविण्याची मागणी केली, धरणे धरले, उपोषणे केली; १९५२ ते १९५४ या काळात तीनशेहून अधिक माणसे परत आलीही. पुढे त्यांच्यातील बहुतेक पुन्हा इस्राएलला गेली. तेथे त्यांच्या विवाहांच्या धार्मिक वैधतेवर घेतलेल्या शंकेचे निरसन होण्यास १९६४ साल उजाडावे लागले. १९९२ मध्ये उभय देशांत पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि येणेजाणे सुकर झाले.

अशा भेटीत साधारणतः तीन पिढ्या असतात. आजीची मराठी कोकणातली. तिच्या तोंडी सभास्थान म्हणजे ‘मशीद’ आणि उपास म्हणजे ‘रोजा’. नातवाला हे शब्द परक्या धर्माचे वाटावेत यात नवल नाही. परंतु ते कोकणच्या शेजारधर्माची खूण आहेत. सणांची जुनी नावे याहूनही बोलकी आहेत : ‘नव्याचा सण’, ‘खिरीचा सण’, ‘दारफाळणीचा सण’, ‘बिरड्याचा रोजा’. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन येथे मोड आलेल्या वालांच्या नावाने ओळखला जात असे. धर्माची स्मृती स्वयंपाकघराच्या शब्दांत टिकली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

नातवाची अडचण व्याकरणाची असते. हिब्रूत नपुंसकलिंग नाही, तेव्हा ‘घर’ आणि ‘झाड’ यांच्यापाशी तो अडखळणे स्वाभाविकच. त्याहून नाजूक गोष्ट सर्वनामांची. हिब्रूत एका व्यक्तीस उद्देशून ‘तू’ हेच एक संबोधन. लिंगभेद आहे, आदरभेद नाही. त्यामुळे हिब्रूतून विचार करणारा मुलगा आजीला ‘तू’ म्हणतो ते मराठी रीतीस धरून बरोबरच ठरते. पण तेच ‘तू’ तो गावच्या वृद्ध शेजाऱ्याला लावतो तेव्हा आजी ओशाळते आणि ‘तुम्ही म्हण’ असे कुजबुजते. शेजारी बहुधा मनावर घेत नाही. तरीही भाषेचा संक्रमणदोर नेमका कोठे तुटला हे त्या एका शब्दावरून उमगते. कारण शब्दसंग्रह पुस्तकातून भरून काढता येतो, कोणाला ‘अहो’ म्हणावे हे मात्र आळीत वाढल्यावाचून कळत नाही.

प्रवासाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. मुंबईत १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेले सभास्थान. मग गलबत फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले अशी परंपरा सांगते ते नवगाव. नंतर खंडाळे येथील खडक, जेथे एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा दाखविल्या जातात. तेथे नवस फेडून मलिदा वाढला जातो : भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे, फळे. मूळ फार्सी असलेल्या या शब्दाला चालू मराठीत लाचलुचपतीचा वास लागला आहे. बेने इस्राएलांनी तो त्या अर्थापासून अलिप्त राखला, आणि हिब्रू बोलणारा नातूही, दुसरा प्रतिशब्द नसल्यामुळे, त्यास ‘मलिदा’च म्हणतो.