लिलाव आणि लेलांग

नगर हवेलीत, सिल्वासाजवळच्या सामरवरणीत एखाद्या कारखान्याला कुलूप लागले आणि कर्ज थकले, की बँक जाहीर लिलावाची नोटीस काढते. तिथला गुजराती शेजारी त्याला हराजी म्हणेल किंवा लिलाम. जाकार्तातल्या अशाच नोटिशीवर ‘लेलांग’ हा शब्द असतो. लिलाव, लिलाम, लेलांग ही तिन्ही पोर्तुगीज ‘लेइलांव’ची रूपे.

नगर हवेली १७८३ पासून १९५४ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, म्हणून शब्द सिल्वासाच्या कचेरीतून आला असे वाटेल. पण मराठीत तो बहुधा त्याआधीच गोवा-वसईकडून शिरला असावा.

गंमत शेवटच्या ‘आंव’ची आहे. तो पोर्तुगीज नाकातून काढतात. मराठीने नाकातला सूर हळूहळू सोडला : जुन्या लिखाणात ‘लिलांव’ दिसतो, पुढे टिंबही गेले. पाव हा शब्दही याच वाटेने आला. गुजरातीने ओठ मिटून ‘म’ केला. हिंदीने तर पहिल्या ‘ल’चा ‘न’ करून नीलाम. जाकार्तातली भाषा मूळची मलय; त्या मलय भाषेत ओरांग, बारांग असे ‘ङ’ने संपणारे शब्द ढीगभर, त्यांत लेलांग सहज बसला.

कोशकार याहून मागे जाऊन अरबी ‘अल-इअलाम’ दाखवतात; अर्थ, जाहीर करणे. म्हणजे ‘जाहीर लिलाव’मध्ये जाहीर दोनदा आले! आणि पोर्तुगीजांनी गिळलेला तो ‘म’ गुजरातीत नकळत परतला.

शब्द पसरला तो बाजारामुळे. १५८३ मध्ये गोव्यात आलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने तिथल्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी, ऊन चढण्याआधी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन केले आहे. घोडे, जवाहीर, गुलाम, मेलेल्याचे सामान, सगळे तिथे पुकारले जाई. मलाक्काही १५११ पासून पोर्तुगीजांकडे होते, आणि त्या बंदरातली मोठी भाषा मलय; शब्द तिच्यात तिथेच शिरला असावा.

याच लिन्सखोटेनच्या माहितीवर डच जहाजे पुढे जावाला पोहोचली. डचांनी तिथे तीनशेहून अधिक वर्षे ठाण मांडले, लिलावाचा १९०८ चा कायदाही त्यांचाच. त्याच्या नावात ‘व्हेंडू’ हा त्यांचा शब्द आहे. कायदा अजून चालतो, पण मासळीच्या धक्क्यावर बोली लागते ती लेलांगचीच.