कोरीवकामाच्या दारी संगणकचलित राउटर

उत्तर प्रदेशातील सहारनपूर हे लाकडी कोरीवकामाचे देशातील एक प्रमुख केंद्र होय. २०१८ मध्ये सुरू झालेल्या त्या राज्याच्या 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत या जिल्ह्यासाठी याच कलेची निवड करण्यात आली. पटाशी आणि हातोडीवर उभ्या असलेल्या या व्यवसायात आता संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड कोरणारे सीएनसी राउटर आले आहे. हे यंत्र कारागिराचे काम हिरावून घेणार की त्याचे अवजार बनणार, हे बऱ्याच अंशी ते जुळवण्याचे ज्ञान कोणाकडे आहे यावर ठरेल. टेबलावर मावणारे हौशी स्वरूपाचे लहान यंत्र हे ज्ञान मिळवण्याचे सुलभ साधन आहे.

जुळवणीचे महत्त्व

या यंत्रात वेगाने फिरणारे पाते डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन अक्षांवर सरकते. यंत्राची अचूकता प्रामुख्याने सांगाड्यावर अवलंबून असते. पहिले दोन अक्ष परस्परांशी काटकोनात हवेत. गुण्या लावून पाहिल्यानंतर ३०० आणि ४०० मिलिमीटर बाजूंचा काटकोन आखून घ्यावा. त्याचा कर्ण ५०० मिलिमीटर भरला पाहिजे. त्यानंतर तळाशी बसवलेली फळी यंत्राच्याच पात्याने सपाट करून घ्यावी. अन्यथा कोरीवकामाची खोली एका टोकाला अधिक आणि दुसऱ्या टोकाला कमी येते.

पुढची पायरी मापनाची. एका फेऱ्यात २०० टप्पे घेणाऱ्या मोटरीचा प्रत्येक टप्पा आठ भागांत विभागला, तर एका फेऱ्याचे १,६०० सूक्ष्म टप्पे होतात. आटे असलेला दांडा एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवत असेल, तर प्रत्येक मिलिमीटरला २०० टप्पे येतात. यंत्राला १०० मिलिमीटरची आज्ञा देऊन प्रत्यक्ष सरकणे मोजावे. ते ९९ भरले, तर दांड्याची पकड ढिली नसल्याची खात्री करून हा आकडा सुमारे २०२ करावा.

वेग आणि पाते

दोन धारांचे ६ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल आणि प्रत्येक धारेने ०.०५ मिलिमीटर जाडीचा छिलका काढायचा असेल, तर सरकण्याचा वेग मिनिटाला १,२०० मिलिमीटर येतो. पाते फारच हळू सरकले, तर ते कापण्याऐवजी घासत राहते आणि लाकूड करपते. वेग अधिक झाल्यास पाते मोडण्याचा संभव असतो. शिसवीसारख्या कठीण लाकडात एका फेरीची खोली कमी ठेवणे श्रेयस्कर.

कारागिराचे स्थान

याच पात्याने कोरलेल्या आतल्या कोपऱ्याला ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहतेच. तो कोपरा टोकदार करणे, पाकळीच्या पोटाखालचे लाकूड काढणे आणि रेषांचा रोख पाहून हात फिरवणे हे काम पटाशीचेच आहे. जादा लाकूड काढण्याचे कष्ट यंत्राने घ्यावेत आणि अखेरचा हात कारागिराचा असावा, ही विभागणी व्यवहार्य आहे.

लाकडाचा भुसा शोषून घेण्याची व्यवस्था मात्र अनिवार्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत केला आहे. डोळ्यांना चष्मा, तोंडावर योग्य मुखवटा आणि हाताशी तातडीने यंत्र थांबवण्याची कळ असल्याशिवाय काम सुरू करू नये.

प्रशिक्षणाची दिशा

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमात २००२ मध्ये 'फॅब लॅब' स्थापन झाली आणि संगणकचलित यंत्रे ग्रामीण युवकांच्या हाती आली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी प्रारंभ झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकामाचा अंतर्भाव आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत एकूण तीन लाख रुपयांपर्यंत सवलतीच्या व्याजदराचे कर्ज अशी तिची रचना आहे. अशा प्रशिक्षणात यंत्र चालवण्याबरोबरच ते जुळवण्याचेही शिक्षण मिळाले, तर कारागीर यंत्राचा मजूर न राहता त्याचा धनी होईल.