दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को किती दूर?

दिल्लीहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को हें शहर किती दूर आहे असें कोणी विचारल्यास आपण काय कराल? भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवाल. आम्हींही प्रथम तसेंच केलें व फसलों. पृथ्वी वाटोळी आणि कागद सपाट. विषुववृत्तावर एका रेखांशाचें अंतर सुमारें १११ किलोमीटर असतें. ६० अक्षांशावर तेंच निम्में होतें. आयताकृति नकाशांत मात्र सर्व रेखांश सारख्याच अंतरावर काढलेले असतात. त्यामुळें उत्तरेकडील प्रदेश आहेत त्याहून फार रुंद दिसतात.

म्हणून वर्गांतील पृथ्वीचा गोल घ्यावा व दोन्ही शहरांमध्यें दोरा ताणून धरावा. तो पूर्वेस वा पश्चिमेस न जातां बहुतेक उत्तरेकडेच धांवतो आणि तिबेट, सैबेरिया, उत्तर ध्रुवाकडील महासागर व अलास्का यांवरून अमेरिकेंत उतरतो. ज्या वर्तुळाचा मध्य हाच पृथ्वीचा मध्य, त्यास बृहद्‌वृत्त म्हणतात. जवळांतली जवळ वाट त्याच्याच कमानीवरून जाते. या वाटेनें हें अंतर सुमारें १२,४०० किलोमीटर भरतें.

मग विमान याच वाटेनें कां नेत नाहींत? पहिली अडचण तिबेटच्या पठाराची. उंचावर हवा विरळ असल्यामुळें विमानांत दाबलेली हवा भरावी लागते. बिघाडामुळें तो दाब नाहींसा झाल्यास, उतारूंस श्वास घेतां यावा म्हणून, वैमानिकास सुमारें ३,००० मीटर उंचीपर्यंत त्वरित खालीं यावें लागतें. परंतु तें पठारच सरासरी ४,५०० मीटर उंच! तेथें खालीं येणार कोठें? अशा ठिकाणीं वळसाच बरा.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. एअर इंडियाची ही फेरी २०१५ सालीं सुरू झाली, तेव्हां विमान युरोप व अटलांटिक महासागर यांवरून, म्हणजे वाऱ्याच्या उलट, सुमारें १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्यें तें पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून, नेण्यांत आलें. अंतर वाढून सुमारें १५,३०० किलोमीटर झालें. वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनीं वांचला!

हें नवल गणितानें उलगडतें. समजा, विमानाचा वेग ताशीं ९०० किलोमीटर व वाऱ्याचा १००. वारा समोरून असतां १३,९०० किलोमीटरांस ताशीं ८०० प्रमाणें १७ तास २२ मिनिटें लागतील. वारा पाठीशीं असतां १५,३०० किलोमीटर ताशीं १,००० प्रमाणें १५ तास १८ मिनिटांत संपतील.

तेव्हां दोन शहरांमधील अंतर विचारणारास आपण उलट विचारावें, “दोऱ्याचें, वाटेचें, कीं वेळेचें?” घरीं पृथ्वीचा गोल नसल्यास एक मोसंबें व हातभर दोरा पुरे. पालकांनींही मुलांशेजारीं बसून हा प्रयोग अवश्य करून पाहावा.